सनद मिळाली, भाकर कुठे आहे?

“शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये” ही म्हण आमच्या घराघरांत आजोबापासून नातवापर्यंत सर्वांस पाठ आहे. म्हण खोटी नाही. पण पायरी चढावी की न चढावी हे ज्याच्या मर्जीवर आहे, त्याच्यासाठी ती आहे. शेजाऱ्याने रातोरात बांध कोरला, भावकीने विहिरीची पाळी बंद केली, सोसायटीच्या जप्तीची नोटीस दाराला चिकटली, नांदावयास गेलेली लेक मार खाऊन माघारी आली, म्हणजे आमचा माणूस शहाणा असो की खुळा, त्याला ती पायरी चढावीच लागते. आणि चढल्यावर काय होते? वर जे बोलतात ते त्याला कळत नाही, आणि तो जे बोलतो ते वर ऐकू जात नाही. मध्ये एक माणूस लागतो. तो माणूस आपल्या दुःखाची जाण असलेला असावा, म्हणून शंभर वर्षे आमच्या घरांनी पोटाला चिमटा घेऊन एक पोर वकिलीला घातले. आज आम्हांस त्या पोराविषयी बोलावयाचे आहे. कारण ते पोर सनद घेऊन दोन वर्षांत गावी परत येत आहे, आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही.

वाचकहो, ही गोष्ट नवी नाही. कोर्टकचेरीत अडाणी शेतकरी कसा नागवला जातो हे जोतीरावांनी १८८३ साली पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडून ठेवले. शाहू छत्रपतींनी नुसती हळहळ केली नाही. १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी करून खेड्यातल्या पोराच्या जेवणाची आणि निजण्याची सोय लावली, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील माणसांच्या हाती वकिलीच्या सनदाही दिल्या. महाराजांस एक साधी गोष्ट ठाऊक होती. विद्या फुकट दिली तरी विद्यार्थ्याचे पोट फुकट भरत नाही.

डॉ. आंबेडकर १९२३ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले. एवढा विद्वान माणूस. पण सनद घेण्यास गाठीला पैसा नव्हता. नवल भथेना या पारशी मित्राने हात दिला तेव्हा ती सनद निघाली. पुढे १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ खटल्यात जेधे-जवळकरांना शिक्षा झाली असता अपिलात त्यांची बाजू कोणी लढविली व त्यांस कोणी सोडवून आणले? याच बॅरिस्टराने. महाडच्या चवदार तळ्याचा दावा डिसेंबर १९२७ मध्ये गुदरला गेला, तो मार्च १९३७ मध्ये हायकोर्टात निकाली निघाला. ती लढत शेवटास नेणारा कोण? हाच बॅरिस्टर. आता आम्ही विचारतो, १९२३ साली त्या मित्राचा हात आखडला असता तर? एका सनदेचे पैसे नसल्यामुळे केवढे नुकसान झाले असते! आणि आज अशा किती सनदा पेटीत पडून कुजत आहेत, याचा हिशेब कोणी ठेवला आहे काय?

कोणी म्हणेल, तो काळ गेला, आता सनद स्वस्त झाली. झाली, हे आम्हांस मान्य आहे. १९६१ च्या वकिलांच्या कायद्यात सनदेची फी साडेसातशे रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींस सव्वाशे रुपये लिहिली असता निरनिराळ्या राज्यांच्या बार कौन्सिलांनी नाना नावांनी हजारो रुपये उकळण्याचा धंदा चालविला होता. काही राज्यांत हा आकडा चाळीस हजारांच्या वर गेला. ३० जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने हा धंदा बंद केला आणि कायद्यात लिहिली तेवढीच फी घ्या, असे बजावले. निकाल चांगला झाला. दरवाजाचे कुलूप निघाले. पण आत गेलेल्या पोराला पहिली तीन वर्षे खावयास काय, याचे उत्तर त्या निकालात नाही; आणि खरी मेख तेथेच आहे.

तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात जाऊन पाहा. इस्त्री केलेला काळा कोट, गळ्याला पांढरी पट्टी, हातात दुसऱ्याच्या फायलींचा गठ्ठा, असा एखादा तरणा पोर तुम्हांस दिसेल. सकाळी साहेबांच्या घरी जाऊन फायली काढणे, कोर्टात पुकारा होताच धावत जाऊन पुढची तारीख मागणे, नकलेच्या अर्जामागे हेलपाटे घालणे, झेरॉक्सच्या दुकानात रांग लावणे, संध्याकाळी अशिलाला चहा सांगणे, असे दहा-बारा तासांचे त्याचे काम. महिना संपला म्हणजे साहेब मनात आले तर पाठीवर हात ठेवतात, फार झाले तर पेट्रोलपुरते काढून देतात. पोर घरी फोन करते, “आबा, या महिन्याला तेवढे खोलीचे भाडे धाडा.” आबा कांदा विकून धाडतात. दुसऱ्या वर्षी कांद्याला भाव नसतो. तिसरे वर्ष उजाडतच नाही. एका माळ्याच्या घरचा असा एक पोर आमच्या ओळखीचा आहे. तो आज एका फायनान्स कंपनीची वसुली करतो. ज्या शेतकऱ्यांची बाजू मांडावी म्हणून त्याला शिकविले, त्यांच्याच दारात तो हप्त्यासाठी उभा राहतो. त्याला हसावे असे आम्हांस वाटत नाही. ज्या व्यवस्थेने त्याला तेथे उभे केले तिला जाब विचारावा असे वाटते.

यावर बार रूममधून एक ठराविक उत्तर येते. “तो शिकतो आहे, शिकणाऱ्याला पगार कसला? आम्हीही असेच दिवस काढले.” आम्ही या सद्‌गृहस्थांस विचारतो, सुताराच्या हाताखाली पोर राहिले तर त्याला दुपारची भाकर मिळते की नाही? सालगड्याचेसुद्धा पाडव्याला साल ठरते. इतके धान्य, इतके रोकड, दोन जोड कपडे, सगळे चार माणसांदेखत बोलून होते. मग पाच वर्षे कायदा शिकलेल्या माणसाचे साल का ठरत नाही? अज्ञ शेतकऱ्याने गड्याला फुकट राबविले तर त्याला वेठबिगारी म्हणतात आणि त्याच्यावर खटला होतो. तो खटला चालविणाऱ्याच्या कचेरीत तेच घडले तर त्याला उमेदवारी म्हणतात! “आम्हीही असेच दिवस काढले” हे खरे असेल. पण ज्यांचे दिवस निघाले नाहीत ते हे उत्तर द्यावयास बार रूममध्ये शिल्लकच नाहीत. ज्याचे घर शहरात, ज्याचा बाप किंवा चुलता वकील, त्याची तीन वर्षे घरच्या ताटावर निघून जातात. बाकीच्यांची चाळणी होते. या चाळणीला जातीचे नाव दिलेले नाही, एवढाच काय तो जुन्या काळाहून फरक. दाणे तेच खाली पडतात.

न्यायाने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तालुक्याचे सगळेच सीनियर धनवान नाहीत. कित्येक जण नोटरीच्या शिक्क्यावर घर चालवितात. ते ज्युनिअरला कोठून देणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढले, की ज्युनिअरला शहरात महिना निदान वीस हजार व खेड्याकडे पंधरा हजार विद्यावेतन द्यावे. परिपत्रक वाचून आम्हांस आनंद झाला. पण शेवटी कळले की ही शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणजे बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. जो देऊ शकतो त्याच्यावर बंधन नाही, आणि जो देऊ शकत नाही त्याला मदत नाही. आंध्र प्रदेशाच्या त्या वेळच्या सरकारने २०१९ साली नव्या वकिलांस पहिली तीन वर्षे महिना पाच हजार सरकारी तिजोरीतून देण्याची योजना चालू केली होती. रक्कम थोडी खरी. पण तिजोरीतून वकिलाला भाकर देता येते, हे तेथे दिसून आले. जे आंध्रात करता आले ते शाहू-फुल्यांचे नाव उठता-बसता घेणाऱ्या महाराष्ट्राला का सुचू नये?

हा घाव किती खोल जातो पाहा. २० मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की खालच्या कोर्टाचा न्यायाधीश व्हावयाचे तर आधी तीन वर्षे वकिली केलेली पाहिजे. ही अट १९९३ साली आली होती, २००२ साली निघाली होती, २०२५ साली पुन्हा आली. अटीमागील विचार वाईट नाही. कोर्टाचा उंबरठा न पाहिलेल्या पोराने एकदम खुर्चीवर बसून कोणाच्या वतनाचा नि विहिरीचा निवाडा करावा, हे आम्हांसही रुचत नाही. पण ही तीन वर्षे काढावयाची कशावर? शेतमजुराची मुलगी, जी पदवी होताच परीक्षा देऊन न्यायाधीश झाली असती, तिने तीन वर्षे बिनपगारी कोठे उभे राहावे? त्यात वकिली केल्याचा दाखला कोर्टाच्या प्रमुख न्यायाधिकाऱ्याचा, नाही तर दहा वर्षे जुन्या वकिलाचा, त्यावर न्यायाधिकाऱ्याची सही. म्हणजे पगार मागावा तर दाखल्याची भीती! अट घालणाऱ्यांनी अटीबरोबर अन्नही घालावयास हवे होते.

आता दुसरी बाजू पाहा. पोर उपाशी आहे हे एक. आणि गावाला वकील नाही हे दुसरे. राज्यघटनेत १९७६ साली ३९-अ कलम आले, की पैशावाचून कोणाचा न्याय अडू नये. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अंमलात आला. आमच्या वाचकांनी हे नीट ध्यानात ठेवावे: कोणतीही स्त्री, कोणतेही मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, कारखान्याचा कामगार, अपंग, कोठडीत असलेला माणूस, पूर-भूकंपाने उघडा पडलेला माणूस, या सर्वांस उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. बाकीच्यांपैकी ज्याचे वर्षाचे उत्पन्न महाराष्ट्रात तीन लाखांच्या आत, त्यालाही आहे. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तेथे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावर फोन लागतो. ही भीक नव्हे, हक्क आहे.

त्याच कायद्यात असेही लिहिले आहे, की लॉ कॉलेजांत विधी सेवा चिकित्सालये उघडावीत, म्हणजे विद्यार्थी शिकता शिकता गरिबांची कामे करतील. २०११ च्या नियमांत तर विद्यार्थ्यांनी गाव दत्तक घ्यावे, असेही म्हटले आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या विद्यार्थ्याने बारा आठवडे आणि पाच वर्षांच्याने वीस आठवडे प्रत्यक्ष काम शिकलेच पाहिजे. कागद इतका सुंदर आहे की त्याला दृष्ट लागू नये! पण गावात काय येते? वर्षातून एक दिवस एक बस येते. शाळेच्या पटांगणात फलक लागतो, पाहुण्यांचा सत्कार होतो, “कायद्याचे ज्ञान ही काळाची गरज” यावर भाषण होते, फोटो निघतो, बस जाते. ज्या म्हातारीचे नाव वारसनोंदीतून पुतण्याने उडविले ती पटांगणाच्या कडेला बसलेली असते; तिला कोणी विचारीत नाही. आणि त्या आठवड्यांचे दाखले? कित्येक ठिकाणी काम न करता सही-शिक्क्यानिशी मिळतात, हे विद्यार्थ्यांस ठाऊक आहे आणि गुरुजींसही.

तेच विद्यार्थी दर शनिवारी चावडीवर बसले तर काय होईल याचा विचार करा. सातबारा व फेरफार वाचून दाखविणे, वारसाचा अर्ज लिहिणे, नोटिशीचे उत्तर कोणत्या तारखेच्या आत द्यावयाचे ते सांगणे, बुडालेल्या मजुरीची तक्रार तयार करणे, मारहाण झालेल्या बाईला संरक्षण अधिकाऱ्याकडे नेणे, एवढ्याने निम्मी भांडणे कोर्टाच्या पायरीपाशी येण्याआधीच मिटतील. आणि त्या पोरांना जे शिक्षण मिळेल ते कोणत्या पुस्तकात आहे?

पण हे काम फुकट मागू नका, हेच आमचे सांगणे आहे. “वकिली ही सेवा आहे, पैशाकडे पाहू नका,” असा उपदेश मोटारीतून उतरून करणारे पुष्कळ आहेत. सेवा खरी, पण ती भरल्या पोटी माणसाची असेल तर दान, आणि उपाशी माणसाकडून घेतली तर लूट. देशातल्या नामांकित राष्ट्रीय विधी विद्यापीठांकडे पाहा. प्रवेशाची परीक्षा इंग्रजीत, वर्षाची फी लाखांच्या घरात. तेथील हुशार पोर कर्ज काढून शिकते आणि कर्ज फेडण्यासाठी बड्या कंपन्यांच्या वकिलांकडे जाते. आम्ही त्याला देशद्रोही म्हणत नाही; ज्याच्या मानेवर कर्ज आहे त्याने दुसरे काय करावे? अमेरिकेसारख्या सावकारी देशानेही २००७ साली कायदा केला, की शिक्षणाचे सरकारी कर्ज घेतलेल्याने सरकारी किंवा लोकसेवेच्या नोकरीत राहून दहा वर्षे हप्ते भरले म्हणजे उरलेले कर्ज माफ. पैशापुरते पाहणाऱ्या त्या देशाला जे कळले, ते आमच्या समाजसेवेच्या गप्पा मारणाऱ्यांस कळू नये काय? चाकरी आणि सेवा ही दोन भांडणारी भावंडे नव्हेत. चाकरीची सोय लावा, सेवा आपोआप उभी राहील.

म्हणून आमच्या मागण्या उघड आहेत. पहिली: तीन लाखांच्या आतल्या घरचा जो नवा वकील तालुका किंवा जिल्हा कोर्टात उभा राहील त्याला तीन वर्षे महिना पंधरा हजार राज्याने द्यावेत. आकडा आमचा नव्हे, बार कौन्सिलचाच आहे. त्याच्या मोबदल्यात त्याने आठवड्याचे दोन दिवस विधी सेवा समितीचे काम करावे. दुसरी: हे समितीचे काम न्यायाधीशपदाच्या तीन वर्षांत धरावे आणि त्याचा दाखला परस्पर न्यायाधिकाऱ्याने द्यावा, म्हणजे पोराला कोणाची खुशामत नको. तिसरी: लॉ कॉलेजच्या चिकित्सालयाची पाहणी फोटोंवरून न करता वर्षात किती माणसांचे किती अर्ज मार्गी लागले यावरून करावी, आणि तेथे शिकविणारा वकील पगारी असावा. चौथी: २०२२ पासून फौजदारी कामांसाठी पगारी कायदेशीर मदत बचाव वकील नेमण्याची योजना चालू झाली आहे, तशीच जमिनीच्या आणि मजुरीच्या कामांसाठी व्हावी. पाचवी: जिल्ह्याच्या लॉ कॉलेजांत, सहायक सरकारी अभियोक्त्याच्या, न्यायाधीशाच्या, बचाव वकिलाच्या जागा कधी निघतात, अभ्यास काय, अर्ज कोठे, हे मराठीत सांगणारी एक खोली आणि एक जाणता माणूस असावा. मोठ्या विद्यापीठांत कंपन्या दारात येतात. आमच्या पोरांना जाहिरात मुदत संपल्यावर कळते.

सरकारला एवढे सांगितल्यावर घरच्यांनाही दोन शब्द सांगितल्याखेरीज आमच्याने राहवत नाही. बंधूंनो, एका लग्नात दोन हजार पाने उठविण्यास आपण जमीन गहाण टाकतो, आणि वकील झालेल्या पोराने दुसऱ्या वर्षी भाडे मागितले म्हणजे “कमावता कधी होणार?” म्हणून त्याला टोचतो. विहीर खणताना पाणी लागेपर्यंत धीर धरणारे आपण, येथे दोन परसांवर कुदळ का टाकतो? आणि मुलगी वकील झाली तर तिचा काळा कोट स्थळ येईपर्यंतच खुंटीवर राहतो, हे बरे नव्हे. कोर्टात उभ्या असलेल्या बाईचे दुःख बाईला अधिक कळते.

आणि आमच्यातूनच वर गेलेल्या वकीलसाहेबांस काय म्हणावे! ज्यांचे शिक्षण समाजाच्या वसतिगृहातल्या भाकरीवर झाले, त्यांच्या कचेरीत आज गावचे पोर फुकट राबते. त्यांनी एक-एक पोर दत्तक घ्यावे, त्याचे साल ठरवावे. दहा गावांनी मिळून तालुक्याच्या ठिकाणी चार खोल्या घ्याव्यात, पोती-दोन पोती धान्य घालावे, आणि नव्या वकिलांची सोय लावावी. सुगीला बलुते घालण्याची रीत आपल्याला शिकवावी लागत नाही. सुताराला, लोहाराला, कुंभाराला घातले. आता एक पायली वकिलाला घाला, आणि त्याने गावाचे काम करावे.

असे झाले तर ती म्हण बदलावी लागेल. शहाण्याने कोर्टाची पायरी उगीच चढू नये; पण चढावीच लागली तर वर आपले माणूस उभे असावे, आणि ते उपाशी नसावे. सरकार करील तेव्हा करो. येत्या सुगीला खळ्यावर रास पडेल, तेव्हा पहिली पायली कोणाच्या नावाने काढावयाची हे प्रत्येक गावाने आजच ठरवून ठेवावे.